घाव नेमका कुठे बसला?

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात उन्हाळा सरत आला की घराघरांत पावसाळ्याची बेगमी सुरू होते. सरपण आत घ्यायचं, घर शाकारायचं, पेंढा हलवायचा, पडवीच्या कोपऱ्यात रचलेले दगड-विटा उचलायच्या. तांबड्या विंचवाची गाठ पडते ती बहुधा याच कामांत. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण जीव घेतो तो हा लहानसा तांबडा विंचू. त्यातही मुलांचा जास्त.

डंखाची जागा पाहून फारसा अंदाज येत नाही. तिथे धड सूजही नसते. खरा प्रकार सुरू होतो तो डंखापासून दूर. मूल ओकू लागतं. अंगातून घामाच्या धारा लागतात, कपडे पिळून काढावेत इतके ओले होतात. तोंडात लाळ दाटते. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठ होतं, आणि लाजेपायी ही गोष्ट घरचे डॉक्टरांना सांगत नाहीत. मग हातपाय गार पडू लागतात. भर मे महिन्यात, घामाने निथळणाऱ्या अंगाला बर्फासारखे गार तळवे. काही तासांत छातीत घरघर सुरू होते, खोकल्याबरोबर तांबूस फेस येतो. फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. बोटाला टोचलेल्या नांगीने हृदय आणि फुप्फुसं कशी बुडवली?

या प्रश्नाचं उत्तर मज्जातंतूच्या पातळ आवरणात दडलेलं आहे. तिथपर्यंत जायचं तर कोकणातून आधी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात जावं लागतं. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन शास्त्रज्ञांनी तिथे समुद्रातल्या स्क्विडचा मज्जातंतू अभ्यासायला घेतला. कारण अगदी साधं होतं. माणसाचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, तर स्क्विडचा एक खास तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड. त्यात विजेची बारीक तार आत सरकवता येत होती. १९५२ साली त्यांनी मांडलेलं चित्र आजही पाठ्यपुस्तकांत शिकवलं जातं. १९६३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

ते चित्र असं. तंतू शांत असताना त्याच्या आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी दाब असतो. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. तंतूच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. संदेश आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि विजेचा हा झटका पुढच्या दारांना उघडत पळत सुटतो. जाड, आवरण चढलेल्या तंतूत त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही वर जातो. पण या सगळ्या कारभारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोडियमचं दार मिलिसेकंदाच्या आतबाहेर आपोआप मिटतं. ते मिटतं म्हणूनच एक संदेश संपतो आणि पुढचा सुरू होऊ शकतो.

तांबड्या विंचवाच्या विषातले काही घटक नेमकं हे मिटणं अडवतात. दार उघडं राहतं, तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो. हे तंतू हातपाय हलवणारे असते तर नुसते झटके आले असते. पण विषाचा मोठा तडाखा बसतो तो आपल्या इच्छेविना चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेला. हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचं आकुंचन, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल हा सगळा कारभार तिच्याकडे. तिच्या दोन शाखा आहेत. परानुकंपी शाखा विसाव्याची. अनुकंपी शाखा संकटाची. विंचवाच्या विषाने आधी दोन्ही पेटतात, म्हणून सुरुवातीला लाळ, घाम, उलट्या, मंद नाडी. मग अनुकंपी शाखा दुसरीवर मात करते. अॅड्रिनलिन आणि त्याच्या भावंडांचा रक्तात लोंढा येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं आणि ते थकतं. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसांत पाणी सोडतं. गार तळवे म्हणजे या वादळाची बाहेरून दिसणारी खूण.

ही खूण ओळखून तिचा अर्थ लावणारा माणूस महाडला होता. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शिक्षण नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते आणि पुस्तकांत त्याबद्दल धड काही नव्हतं. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेपाशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, तळवे कधी गार पडले, कधी ऊबदार झाले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला, तो या पूर्वखुणांवरच. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्याच्या दिशेने त्यांचा विचार गेला. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं, सतत रक्तदाब मोजत. खेड्यातल्या दवाखान्यात ते रोज जमणारं नव्हतं. मग त्यांनी रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही गोळी वापरली. अनुकंपी शाखेचा निरोप रक्तवाहिन्यांना ज्या ग्राहींवर मिळतो, त्याच ग्राही ती अडवते. गोळी तोंडाने देता येते आणि तळवे ऊबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा देता येते. १९८६ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी जवळपास तीस टक्के दगावत. प्रॅझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी पुढे विंचवाच्या प्रतिविषाचीही चाचणी केली. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या या अभ्यासात ७० रुग्ण होते. प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले. नुसत्या प्रॅझोसिनवरच्या ३५ पैकी ८. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रातल्या वैद्यकाचा इतिहास कधी नीट लिहिला गेला तर बिरवाडीच्या त्या खाटा त्यात मानाने याव्यात. महागडं यंत्र नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती. होतं ते पाहणं आणि नोंदवणं.

या गोष्टीतला एक बारकावा फार मोलाचा आहे. घाम, लाळ, उलट्या, मंद नाडी ही लक्षणं दिसली की डॉक्टरांचा हात पूर्वी सहजच अॅट्रोपिनकडे जात असे. अॅट्रोपिन परानुकंपी शाखेचं काम थांबवतं, त्यामुळे लाळ आटते, नाडी वाढते. घामही ते आटवतं. दिसायला रुग्ण बरा वाटतो. पण विंचूदंशात विसाव्याच्या शाखेचा तेवढाच काय तो लगाम असतो, आणि अॅट्रोपिनने तोही सुटतो. वादळ आणखी भडकतं. लक्षण एकच, पण घाव कुठे आहे ते न पाहता दिलेलं औषध उलटतं. मज्जासंस्थेच्या दुखण्यांत हा प्रकार वारंवार दिसतो.

तंतूला होणारी इजा दर वेळी दाराचीच असते असं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या भागात माणसं अचानक पायांतली शक्ती गमावू लागली. आधी जुलाब, पोटदुखी. मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे लटपटणं, आणि तिथून वर सरकत जाणारा अशक्तपणा. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे नाव तोवर फक्त मेंदूविकारतज्ज्ञांना ठाऊक होतं. फेब्रुवारी संपेपर्यंत ते पुण्याच्या घराघरांत पोहोचलं. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा जिवाणू सापडला.

पोटातल्या जिवाणूने पाय लुळे कसे पडतात? या जिवाणूच्या अंगावरची काही साखरयुक्त रेणूंची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूवर चालून जाते आणि त्याच आवेशात स्वतःच्या तंतूंवरही हल्ला करते. विजेच्या तारेवर जसं रबरी वेष्टण, तसं बहुतेक मोठ्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते सोललं गेलं की संदेशाचा वेग पडतो, मग संदेश वाटेतच विरतो. काही रुग्णांत तर हल्ला थेट तंतूवरच होतो. पाठीच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतू सगळ्यात लांब, जवळपास मीटरभर, म्हणून बहुधा पायांना पहिला फटका. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली तर पाय उडत नाही, ही या आजाराची जुनी खूण. १९१६ साली पहिल्या महायुद्धात गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत ती नोंदवली होती. स्ट्रोलचं नाव पुढे कसं गळून पडलं कोण जाणे. इथे उपाय इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण सारखा, दोन्ही खर्चिक. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण सावकाश. मायलिन आठवड्यांत पुन्हा चढतं. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. पायाच्या बोटांपर्यंत पोहोचायला किती महिने लागतील, याचा हिशेब रुग्ण स्वतःच मांडू शकतो. पुण्यातल्या कित्येक घरांनी तो मांडला.

तंतू धडधाकट आहे, आवरण शाबूत आहे, संदेश टोकापर्यंत पोहोचला. तरी स्नायू हलेलच असं नाही. कारण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मधे काही दशांश नव्हे, मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावी अशी फट असते. ही फट वीज ओलांडत नाही, रसायन ओलांडतं. ऑटो लेवी यांनी १९२१ साली हे दाखवलं. ऑस्ट्रियातल्या या शास्त्रज्ञाला प्रयोगाची कल्पना म्हणे स्वप्नात सुचली. रात्री उठून त्याने कागदावर काहीतरी खरडलं, सकाळी त्याचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन धडधडती हृदयं घेतली. एकाच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर ओतलं, तेही मंदावलं. द्रवात काहीतरी उतरलं होतं. ते अॅसिटिलकोलिन. स्नायू हलवणारे आपले तंतू हेच रसायन फटीत सोडतात. स्नायूच्या अंगावरच्या ग्राही ते पकडतात, स्नायू आकसतो, आणि लगोलग तिथलं एक एन्झाइम ते तोडून टाकतं. हेही मिलिसेकंदांचं काम.

आता यवतमाळ. २०१७ चा पावसाळा, कपाशी डोक्याच्या वर गेलेली, बोंडअळीची धास्ती. पाठीवर पंप, अंगात घामाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर रुमाल, आणि दोन-तीन औषधांची मिसळ करून केलेली फवारणी. उंच झाडांवर मारलेला फवारा वाऱ्याने उलट अंगावरच येत होता. ऑगस्टपासूनच्या काही महिन्यांत त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात गेले. कारणीभूत औषधं एकाहून अधिक होती. त्यांत मोनोक्रोटोफॉस हे नाव ठळकपणे पुढे आलं. २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलांचा जीव घेतला तोही मोनोक्रोटोफॉसनेच. हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत असताना याच गटातलं टॅबून हाती लागलं आणि त्याचं युद्धातलं विष झालं. सारीन हे त्याचं भावंड. कीड मारणारं आणि माणूस मारणारं रसायन इथे एकाच घराण्यातलं आहे, कारण किडीच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेतलं ते एन्झाइम जवळपास सारखंच काम करतं.

ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एन्झाइमलाच कुलूप घालतं. अॅसिटिलकोलिन तुटत नाही, साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत कफ, अंगभर स्नायू फडफडू लागतात आणि शेवटी थकून गळून पडतात. घाम, लाळ, उलट्या. विंचवाच्या रुग्णाशी किती साम्य! पण इथे अॅट्रोपिन प्राण वाचवतं. छातीतला कफ सुकेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, कधी कधी नेहमीच्या प्रमाणाच्या कित्येक पटींनी. सोबत अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने आंघोळ, कारण विष कातडीतून आत झिरपतच असतं. आपल्या गावोगावच्या धोतऱ्यात हेच अॅट्रोपिन असतं. पण झाडाच्या बियांत त्याचं प्रमाण इतकं बेभरवशाचं, की धोतऱ्याचा प्रयोग म्हणजे दुसरी विषबाधा.

सापांनी हीच फट उलट्या बाजूने गाठली आहे. नागाच्या विषातले घटक स्नायूच्या ग्राहींवर जाऊन बसतात. अॅसिटिलकोलिन येतं, पण त्याला जागाच मिळत नाही. पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, मान धरवत नाही, मग श्वास. अशा वेळी प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन दिलं जातं. ते काय करतं? फटीतलं तेच एन्झाइम थोपवतं. म्हणजे यवतमाळच्या शेतात ज्याने माणसं गेली, तेच काम मोजक्या प्रमाणात, काही तासांपुरतं. अॅसिटिलकोलिन वाढतं आणि गर्दी करून विषाच्या रेणूंना हुसकावून जागा मिळवतं. निओस्टिग्मिनने लाळ आणि कफ वाढू नये म्हणून आधी अॅट्रोपिन देतात. एकाच औषधाच्या पेटीतली ही दोन इंजेक्शनं. विंचू, फवारणी आणि नाग या तिघांत त्यांची भूमिका पार बदलते.

मण्यारीचं प्रकरण वेगळं आणि जास्त कठीण. काळानिळा चकचकीत साप, अंगावर बारीक पांढरे पट्टे, रात्री उंदरांच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर फिरणारा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो झोपेतच चावतो. दात इतके बारीक की बऱ्याचदा कळतही नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा दुखतो. घरचे ओवा-सोडा देतात. मग पापण्या उघडेनात. रुग्णाला वर बघ म्हटलं तर कपाळाला आठ्या पडतात, पण पापणी उचलत नाही. दवाखान्यात एका श्वासात आकडे मोजायला सांगतात. तीसपर्यंत जाणारा माणूस अर्ध्या तासाने दहाशी थांबला, तर श्वासाचे स्नायू बंद पडू लागलेत हे समजावं.

मण्यारीच्या विषातला एक मोठा घटक ग्राहींशी झगडत बसत नाही. तो तंतूचं टोकच उद्ध्वस्त करतो. अॅसिटिलकोलिन सोडायलाच कोणी उरत नाही. म्हणून निओस्टिग्मिनचा इथे फारसा उपयोग नाही. प्रतिविष रक्तातलं उरलेलं विष निष्प्रभ करतं, झालेला विध्वंस भरून काढत नाही. टोकं नव्याने फुटेपर्यंत, कधी काही दिवस, कधी त्याहून जास्त, कृत्रिम श्वास चालू ठेवणं हाच उपचार. या काळात रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. नवख्या डॉक्टरला मेंदू गेला असं वाटावं. आणि मेंदू तर पूर्ण जागा असू शकतो. खाटेभोवतीचं बोलणं, रडणं, चर्चा, सगळं त्याला ऐकू येत असतं. विषाने फक्त बाहेर जाण्याच्या वाटा बंद केलेल्या असतात. अशा रुग्णाशी नाव घेऊन बोलावं, काय करतोय ते सांगत राहावं, इतकं तरी अतिदक्षता विभागात कुणी विसरू नये.

मण्यारीच्या कुळानेच वैद्यकाला एक मोठं साधनही दिलं. १९६३ साली तैवानच्या सी. सी. चांग आणि सी. वाय. ली यांनी तिथल्या एका मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं. ते ग्राहींना इतकं घट्ट चिकटतं, की त्याला किरणोत्सर्गी खूण लावली तर स्नायूवर ग्राही किती ते मोजता येतं. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात पापण्या जड होतात, बोलता बोलता आवाज खोल जातो, संध्याकाळपर्यंत माणूस गळून पडतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९७३ साली याच विषाच्या मदतीने दाखवलं गेलं, की या रुग्णांच्या स्नायूंवर ग्राहींची संख्याच घटलेली असते. रुग्णाची प्रतिकारशक्तीच त्या नष्ट करते, हेही त्याच सुमारास उलगडत गेलं. आज या आजारावर प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं दिली जातात आणि रुग्ण नोकरी-संसार सांभाळतात.

सर्पदंशाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि पुष्कळसे रुग्णालयाबाहेर. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असं राज्यांना कळवलं. पुणे जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण पाहत आले आहेत. गावोगाव जाऊन लोकांना समजावतही आले आहेत. काम कसं करायचं याचा नमुना आपल्याकडेच आहे.

त्याला लागणारं साहित्य तालुक्याच्या आवाक्यातलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं; सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या, आणि मूल असलं तरी तितक्याच, कारण साप माणसाचं वय पाहून विष कमी सोडत नाही. अॅट्रोपिन, निओस्टिग्मिन, प्रॅझोसिन ही जुनी, स्वस्त औषधं. आणि एक अंबू बॅग, हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरणारी रबरी पिशवी. व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या गावी असेल, रस्ता दोन तासांचा असेल, तरी १०८ च्या गाडीत बसून कुणी ती दर पाच-सहा सेकंदांनी दाबत राहिलं, तर मण्यारीचा रुग्ण जिवंत पोहोचतो. ती कशी धरायची, मुखवटा चेहऱ्यावर घट्ट कसा बसवायचा, हनुवटी किती उचलायची, हे परिचारिकेला आणि रुग्णवाहिकेवरच्या माणसाला एका दुपारी शिकवता येतं.